‘डिफेक्टिव्ह’ कधी लिहायचं, कधी टाळायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवं वॉशिंग मशीन पाचव्या महिन्यात बंद पडलं. बघायला आलेल्या टेक्निशियनने जॉबशीटवर ‘पीसीबी फॉल्टी’ असं लिहिलं (पीसीबी म्हणजे मशीनमधला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड). तुम्ही कंपनीला ईमेल केला की मशीन डिफेक्टिव्ह आहे, बदलून द्या. कंपनीचं उत्तर आलं की हा डिफेक्ट नाही, व्होल्टेज कमी-जास्त झाल्याने झालेलं डॅमेज आहे आणि ते वॉरंटीत बसत नाही. आता तुम्ही विचारता की डिफेक्टिव्ह, फॉल्टी, डॅमेज्ड, डिफिशियंट या सगळ्यांना आपण ‘खराब’च म्हणतो, मग कंपनी एका शब्दावर एवढी का अडून बसली?

कारण दुरुस्तीचा खर्च कोणी भरायचा हे त्या शब्दावर ठरतं. मी ग्राहक आयोगात वकिली करतो. एरवी भक्कम असलेली तक्रार पहिल्याच ईमेलमधल्या चुकीच्या विशेषणामुळे लंगडी झालेली अनेकदा पाहतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिफेक्टिव्ह म्हणजे बंद पडलेलं, असा अर्थ नाही. एखादी वस्तू जशी असायला हवी होती तशी ती मुळात नसेल, तर ती डिफेक्टिव्ह. व्यवस्थित चालणारी वस्तूसुद्धा डिफेक्टिव्ह असू शकते. पाकिटावर ५०० ग्रॅम छापलंय आणि आत ४७० ग्रॅम भरतात, ते पाकीट डिफेक्टिव्ह. उलट तुमच्या हातून पडून स्क्रीन फुटलेला मोबाइल पूर्ण निकामी झाला तरी डिफेक्टिव्ह नाही, तो डॅमेज्ड आहे. हा शब्द नेहमी कुठल्या तरी मापाशी तुलना करून वापरला जातो. ते माप तुम्ही सांगितलं नाही, तर नुसतं ‘डिफेक्टिव्ह’ म्हणजे तुमची नाराजी झाली, आणि नाराजीला कंपनी ‘दिलगीर आहोत’ एवढंच उत्तर देते.

आपल्या कायद्याने हे माप स्पष्ट सांगितलंय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) मध्ये डिफेक्टची व्याख्या आहे. वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, परिणामकारकता, शुद्धता किंवा दर्जा यांत कोणताही दोष, अपूर्णता वा उणीव असणं म्हणजे डिफेक्ट. हा दर्जा कुठून येतो? एक, लागू असलेल्या कायद्यातून. दोन, करारातून, मग तो स्पष्ट ठरलेला असो वा गृहीत धरलेला. तीन, विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यातून. आणि व्याख्येच्या शेवटी म्हटलंय की ‘डिफेक्टिव्ह’चा अर्थही याच धर्तीवर लावायचा.

माझ्या मते यातला तिसरा आधार सगळ्यात कामाचा आहे आणि लोक तोच सगळ्यात कमी वापरतात. जाहिरात, खोक्यावरचा मजकूर, वेबसाइटवरचं वर्णन, सेल्समनने दिलेलं पत्रक हे सगळं त्यात येतं. तुमच्या मशीनच्या खोक्यावर किंवा पत्रकावर ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं लिहिलंय का, ते आज शोधा. बऱ्याच उपकरणांवर असा दावा असतो आणि सोबत व्होल्टेजची मर्यादाही दिलेली असते. तो दावा असेल, तर त्या मर्यादेतल्या चढउताराने जळालेला बोर्ड म्हणजे डॅमेज नव्हे, डिफेक्ट. कंपनीने दिलेलं कारणच मग तुमच्या बाजूचा पुरावा होतं.

डॅमेज आणि डिफेक्ट

या दोन शब्दांत फरक काळाचा आणि कारणाचा आहे. डिफेक्ट वस्तूसोबत जन्माला येतो, दिसतो मात्र नंतर कधी तरी. डॅमेज बाहेरून आणि नंतर होतं: पडणं, पाणी शिरणं, उंदराने वायर कुरतडणं, वाहतुकीत आदळणं. वॉरंटी कार्डावर ‘मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट’ वॉरंटीत धरलेला असतो आणि ‘फिजिकल डॅमेज’ वगळलेलं असतं, ते याच फरकामुळे.

घरपोच आलेला टीव्ही उघडताच स्क्रीनवर तडा दिसला, तर तिथे ‘डिफेक्टिव्ह’ लिहू नका. ‘रिसीव्ह्ड इन डॅमेज्ड कंडिशन’ लिहा. इथे जबाबदारी विक्रेत्याची किंवा माल आणणाऱ्याची असू शकते. डिफेक्टिव्ह लिहिलंत की प्रकरण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जातं, ते म्हणतात हे फिजिकल डॅमेज आहे, आणि तोवर परतीची मुदत संपलेली असते.

जोडीला एक चूक, जी अगदी शिकलेल्यांच्या पत्रातही सर्रास दिसते: ‘डिफेक्टेड पीस’. इंग्रजीत डिफेक्ट हे क्रियापद म्हणून वापरलं की त्याचा अर्थ एका बाजूला सोडून दुसऱ्या बाजूला जाणं असा होतो. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने आलेली दहावी अनुसूची आपण पक्षांतरबंदी म्हणून ओळखतो, तिला इंग्रजीत अँटी-डिफेक्शन म्हणतात, ते यावरूनच. आमदार डिफेक्ट होतो, मिक्सर होत नाही. मिक्सर ‘डिफेक्टिव्ह’ असतो. नोटिशीत ‘डिफेक्टेड’ लिहिल्याने केस पडत नाही, पण पत्र वाचणाऱ्या कंपनीच्या माणसाला समोरचा कच्चा वाटतो.

फॉल्टी हा रोजच्या वापरातला, सौम्य शब्द आहे. तो मुख्यतः यंत्र, वायरिंग, स्विच, मीटर यांच्यासाठी वापरतात आणि ‘हे नीट काम करत नाही’ एवढंच सांगतो. का करत नाही हे सांगत नाही. म्हणून टेक्निशियनने ‘पीसीबी फॉल्टी’ लिहिलं, त्याने कारणाबद्दल कुठलीच बाजू घेतलेली नाही. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की त्याने ‘बर्न मार्क’ (जळाल्याची खूण), ‘वॉटर इनग्रेस’ (पाणी शिरणं) किंवा ‘रॅट बाइट’ (उंदराने कुरतडणं) यांतलं काहीही लिहिलेलं नाही. बोर्ड समोर असताना ज्याला बाहेरचं कारण दिसलं नाही, त्याच्या कागदाला नंतर कार्यालयात बसून लिहिलेल्या ईमेलपेक्षा वजन जास्त. फ्लॉड हा शब्द विचार, युक्तिवाद, योजना, तपास यांच्यासाठी किंवा हिऱ्यामधल्या खोटीसाठी ठेवा. वॉशिंग मशीनला तो शोभत नाही.

डिफिशियंट कुठे

आपल्या कायद्यात वस्तूला डिफेक्ट असतो आणि सेवेत डिफिशियन्सी असते. कलम २(११) मध्ये तिची वेगळी व्याख्या आहे. मराठी निकालपत्रांत पहिल्याला ‘सदोष वस्तू’ किंवा ‘उत्पादन दोष’ आणि दुसऱ्याला ‘सेवेतील त्रुटी’ म्हणतात. पुण्याकडच्या निकालांत विरुद्ध पक्षाला ‘जाबदेणार’ म्हटलेलं दिसेल, इतरत्र ‘सामनेवाले’ किंवा ‘विरुद्ध पक्ष’. पण ‘सेवेतील त्रुटी’ हा शब्द सगळीकडे तोच.

तुमच्या प्रकरणात दोन्ही आहेत. बोर्ड सदोष, ही एक गोष्ट. तक्रार केल्यावर तपासणीचा अहवाल न देता कारण कळवून टाकणं, ही दुसरी, आणि ती सेवेतील त्रुटी. दोन्ही वेगवेगळ्या वाक्यांत मांडा. ‘डिफेक्टिव्ह सर्व्हिस’ असं एकत्र करू नका. लोक बोलतात तसं, पण मग वस्तूचा दोष शाबीत झाला नाही तर सेवेचा मुद्दाही त्याच्यासोबत वाहून जाण्याची भीती असते. वेगळे मांडलेले मुद्दे वेगळे टिकतात.

बियाण्याचं उदाहरण

डिफेक्टिव्ह हा शब्द मापावर कसा उभा असतो, हे बियाण्याच्या तक्रारीइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही, म्हणून इथे थोडा थांबतो. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यात, सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारींचा पूर आला होता आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. शेतकरी म्हणतो ‘बियाणं बोगस निघालं’. या ‘बोगस’मध्ये तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पिशवीत दुसऱ्याच वाणाचं बी असेल, तर ती फसवणूक. वाण बरोबर पण उगवणशक्ती कमी असेल, तर बियाणं डिफेक्टिव्ह. बी चांगलं होतं पण पुरेशा ओलीआधी किंवा फार खोल पेरलं म्हणून उगवलं नाही, तर बियाण्यात डिफेक्टच नाही.

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवणशक्ती ७० टक्के असावी असं मानक आहे. हेच ते माप. पिशवीच्या लेबलवर ७० टक्के आणि प्रत्यक्षात निम्मंही उगवलं नाही, तर ‘कायद्याने ठेवायला हवा असा दर्जा’ आणि ‘विक्रेत्याचा दावा’ हे दोन्ही आधार एकदम मिळतात. कंपनीचा बचाव ठरलेला असतो: पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर होण्याआधी पेरलं, बी पाच सेंटिमीटरहून खोल गेलं, पेरणीनंतर उघडीप पडली. म्हणून तालुका तक्रार निवारण समितीला लगेच बोलावून पंचनामा करून घेणं फार गरजेचं. पंचनाम्यात पेरणीची तारीख, पाऊस, खोली, शेजारच्या शेतात दुसऱ्या कंपनीचं बी कसं उगवलंय, हे सगळं येऊ द्या. शेजारचं रान हिरवं आणि आपलं मोकळं, ही नोंद कंपनीच्या बचावाला फार जड जाते.

आणि नमुना? १९८६ च्या जुन्या ग्राहक संरक्षण कायद्यात तरतूद होती, २०१९ च्या कायद्यातही कलम ३८ मध्ये आहे, की तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोगाने वस्तूचा नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवावा. अहवालासाठी ४५ दिवस. कंपन्या वर्षानुवर्षं म्हणायच्या की शेतकऱ्याने नमुना दिला नाही, म्हणजे दोष सिद्ध झाला नाही. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. शेतकरी सगळं बी पेरून टाकतो, तपासणीसाठी त्यातलं काही राखून ठेवावं ही अपेक्षाच त्याच्याकडून करता येत नाही. तपासणी हवी होती तर कंपनी स्वतः नमुना देऊ शकत होती. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. दोष दाखवण्याची जबाबदारी तक्रारदारावर असली, तरी अशक्य गोष्ट त्याच्याकडून मागता येत नाही, हे त्यात ठामपणे आलंय. तरीही माझा आग्रह असतो की पिशवी, लेबल, पावती आणि मूठभर बी ठेवाच.

‘मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट’ लिहिण्याआधी

हे दोन शब्द लोक फार सहज लिहितात. त्यांचा अर्थ बांधणीच्या वेळी राहिलेला दोष असा आहे आणि तो सिद्ध करायला बहुधा तज्ज्ञाचं मत लागतं. मारुती उद्योगच्या २००६ मधल्या प्रकरणात ग्राहकाने क्लचच्या तक्रारीवरून पूर्ण गाडी बदलून मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची होती, अख्खी गाडी बदलण्याची नव्हती. २०१० मध्ये फियाटच्या गाडीबाबत न्यायालयाने म्हटलं की स्वतंत्र तज्ज्ञाने मूळचाच निर्मितीदोष आहे असं मत दिलं तर ग्राहकाला पैसे परत मिळतील. म्हणजे एक भाग डिफेक्टिव्ह असणं आणि संपूर्ण वस्तू डिफेक्टिव्ह असणं, या दोन वेगळ्या मागण्या आहेत. तुमचा पीसीबी एकदा गेला, एवढ्यावर मशीन बदलून मिळणं कठीण. नवा बोर्ड टाकूनही तोच बिघाड पुन्हा आला, मग संपूर्ण मशीनबद्दल तो शब्द वापरायला बळ येतं. प्रत्येक जॉबशीट जपून ठेवायला मी सांगतो ते म्हणूनच.

मात्र प्रत्येक वेळी तज्ज्ञ लागतोच असंही नाही. ह्युंदाई क्रेटाच्या अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये कंपनीचं म्हणणं मान्य केलं नाही. वेग आणि बल यांची गणितं मांडून टक्कर किती जोराची होती हे काढायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असा त्यातला विचार. समोरून जोरदार धडक बसली आणि एअरबॅग उघडली नाही, तर सुरक्षिततेच्या दाव्यात ती गाडी कमी पडली, हे दिसतंच.

डिझाइन डिफेक्ट वेगळा. निर्मितीदोष शंभरातल्या एखाद्या नगात असतो. डिझाइन सदोष असेल तर शंभरच्या शंभर नग डिफेक्टिव्ह असतात, अगदी आराखड्याबरहुकूम बनवूनही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८४ मध्ये उत्पादकाची जबाबदारी सांगताना हे दोन्ही वेगळे दिलेत, आणि त्यांच्यासोबत ठरलेल्या मानकापासून ढळणं, वॉरंटीप्रमाणे नसणं आणि वापराच्या पुरेशा सूचना वा इशारे नसणं हेही आहे. शेवटचं लक्षात घ्या: यंत्र निर्दोष असून सूचना अपुऱ्या असल्या, तरी उत्पादकाला उत्तर द्यावं लागतं. पण हे उत्पादन-दायित्वाचं प्रकरण इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर लागतं. मशीनचं स्वतःचंच नुकसान त्यात मोजत नाहीत. तुमच्या मशीनने पेट घेऊन शेजारचं कपाट जाळलं असतं, तर कपाटासाठी हा मार्ग होता. फक्त मशीनसाठी साधी सदोष वस्तूची तक्रारच करायची.

ब्रिटनमध्ये हाच शब्द अरुंद आहे, हे तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी ध्यानात ठेवावं. तिथल्या १९८७ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लोकांना जेवढ्या सुरक्षिततेची अपेक्षा करण्याचा हक्क आहे तेवढी ज्या वस्तूत नाही ती डिफेक्टिव्ह. नुसता चालत नसलेला टोस्टर तिथे ‘फॉल्टी’, आणि त्याच्यासाठी वेगळा कायदा आहे.

घर, जमीन आणि कारखाना

फ्लॅटमध्ये गळती किंवा तडे असतील, तर रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कळवलेला बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष बिल्डरने तीस दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. तिथे ‘स्ट्रक्चरल डिफेक्ट’ आणि ‘डिफेक्ट इन वर्कमनशिप’ हे शब्द जसेच्या तसे वापरा. जमिनीच्या बाबतीत ‘डिफेक्टिव्ह टायटल’ म्हणजे जमीन वाईट नव्हे, विकणाऱ्याची मालकी कच्ची. वारसाची सही राहिलेली असते, किंवा कुळाचा हक्क निघतो.

दिसणारा आणि लपलेला दोष, यांना इंग्रजीत पेटंट आणि लेटंट डिफेक्ट म्हणतात. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार तुम्ही वस्तू तपासून घेतली असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवा होता अशा दोषाबद्दल नंतर बोलता येत नाही. ‘माल तपासून मिळाला’ यावर सही करण्याआधी खोकं उघडा.

चाकण, वाळूज, अंबडच्या कारखान्यांत क्वालिटीच्या माणसांसाठी डिफेक्ट आणि डिफेक्टिव्ह हे दोन वेगळे आकडे असतात. शंभर शाफ्टपैकी सात शाफ्टवर मिळून बारा दोष सापडले, तर डिफेक्ट बारा आणि डिफेक्टिव्ह सात. पहिल्यासाठी सी-चार्ट, दुसऱ्यासाठी पी-चार्ट हे गुणवत्ता तपासायचे आलेख वापरतात. तिथे ‘डिफेक्टिव्ह’ हा शब्द नाम म्हणूनही चालतो. पण अनुभवी लोक रिपोर्टमध्ये डिफेक्टऐवजी ‘नॉन-कन्फॉर्मिटी’ लिहितात. आयएसओ ९००० या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकातच टीप आहे की डिफेक्ट या शब्दाला, विशेषतः उत्पादनाच्या दायित्वाबाबत, कायदेशीर अर्थ चिकटलेला असतो. मोजमाप थोडं चुकलं तर नॉन-कन्फॉर्मिटी. ज्या वापरासाठी वस्तू आहे त्यात ती कमी पडली तर डिफेक्ट.

माणसासाठी हा शब्द वापरू नका. ‘डिफेक्टिव्ह कलर व्हिजन’ असं डोळ्याच्या एका कार्याबद्दल वैद्यकीय कागदावर चालतं. मुलाला डिफेक्टिव्ह म्हणणं कधीही चालत नाही. १९१३ च्या ब्रिटिश मेंटल डेफिशियन्सी कायद्याने माणसांवर ‘डिफेक्टिव्ह’ असा शिक्का मारून त्यांना संस्थांमध्ये डांबण्याची सोय केली होती. तो इतिहास या शब्दाला अजून चिकटून आहे.

आता तुमचं पत्र. त्यात असं लिहा: ‘खरेदी अमुक तारखेची, जॉबशीट अमुक क्रमांकाची. तुमच्या टेक्निशियनने पीसीबी फॉल्टी असल्याची नोंद केली असून बाहेरील कारणाची कोणतीही नोंद केलेली नाही. तुमच्या पत्रकात अमुक ते अमुक व्होल्टेजमध्ये स्टॅबिलायझरशिवाय चालेल असा दावा आहे. त्या दाव्याच्या तुलनेत हा पीसीबी डिफेक्टिव्ह आहे. व्होल्टेजमुळे नुकसान झाल्याचा तुमच्याकडचा तपासणी अहवाल द्यावा. तो न देता वॉरंटी नाकारणं ही सेवेतील त्रुटी आहे.’ पत्रकात तसा दावा सापडला नाही, तर ते वाक्य गाळा आणि ‘साधारण घरगुती वापरात पाच महिन्यांत निकामी होणारा बोर्ड अपेक्षित दर्जाचा नाही’ असं लिहा. गृहीत करारही मापच असतो. मागणी आधी बोर्ड बदलून देण्याची करा, मशीनची नको.

उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. मग जिल्हा आयोग: तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. दरम्यान कपडे साचतात म्हणून पैसे भरून दुरुस्ती करून घ्यायची वेळ आली, तर जरूर घ्या. फक्त पावतीवर ‘तक्रारीचा हक्क राखून’ असं लिहा आणि जुना बोर्ड टेक्निशियनला नेऊ देऊ नका. त्याचे फोटो काढा, जॉबशीटचा क्रमांक लिहून पाकिटात बंद करून ठेवा. प्रयोगशाळेत पाठवायची वेळ आली, तर तपासायला तोच लागेल.